दुखते ती दाढ, की जबडा?

मैत्रिणींनो, हे वाचता वाचता एक गंमत करून पाहा. दोन्ही हातांची बोटे गालांवर, कानाच्या पाळीच्या जरा पुढे आणि खाली ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली टणक गोळा वर आला ना? आता बोटे कानशिलांवर न्या आणि पुन्हा आवळा. तिथेही काहीतरी फुगते. आता दात सोडून द्या.

आणखी एकच प्रश्न, आणि उत्तर अगदी खरे द्या. मी सांगण्याआधी, म्हणजे हे पान उघडले तेव्हा, तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले होते का?

माझे होते. वर्षानुवर्षे होते. आणि ते कळायला मला माझी एक धडधाकट दाढ गमवावी लागली.

त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी ऐन वार्षिक परीक्षांच्या दिवसांत उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. मी इथे चिखलीला अर्धवेळ शिकवते. नाव अर्धवेळ, पण पेपरांचे गठ्ठे पूर्णवेळचेच! त्यात सासूबाईंचे पथ्यपाणी, धाकट्याचा खोकला. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, कानात कोमट तेलही घालून झाले (तुम्ही घालू नका, कानाचा ह्यात काही दोष नव्हता). शेवटी दवाखान्यात गेले. "काढून टाकू या," असे म्हणाले, मीही "काढा एकदाची" म्हटले. दाढ गेली, दुखणे मात्र जिथल्या तिथे! आठ दिवसांनी शेजारची दाढ ठणकायला लागली. ह्यांना म्हटले, "हीसुद्धा काढून टाकावी का हो?" तर हे म्हणाले, "अगं, असं करत करत कवळीच बसवणार आहेस का?"

आणि मग एका सकाळी उठले, तो तोंड उघडेना. दोन बोटे कशीबशी आत जात होती. सासूबाई एकदम घाबऱ्या झाल्या. "अगं बाई, दातखीळ बसली की काय हिला! कुठे खिळा-बिळा लागला होता का?"

त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांच्या लहानपणी गावात धनुर्वाताने माणसे गेलेली त्यांनी पाहिली होती. त्याविषयी पुढे सांगतेच. तातडीने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम, ताप, गिळायचा त्रास, सगळे विचारले. तसले काहीच नव्हते. मग त्यांनी गालावर अंगठा ठेवून जरा दाबले मात्र, मी केवढ्याने तरी ओरडले. "ही तुमची दाढ नाही दुखत," ते म्हणाले, "हा जबड्याचा स्नायू आहे. दिवसरात्र दात आवळून ठेवता का?" मी म्हटले, "छे हो!" अगदी ठामपणे म्हटले. पुढे त्यांनी मोठ्या शहरातल्या दंत महाविद्यालयात पाठवले आणि तिथे माझा ठामपणा एका यंत्राने खोटा पाडला.

झोळी, पंखा आणि एक उफराटा

आपल्या डोक्याच्या हाडांत ठळकपणे हलणारे हाड एकच, खालचा जबडा. घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार, आणि दोन्ही कानांपुढे तो कवटीला लटकवलेला. म्हणजे एकाच दाराला दोन बिजागऱ्या, त्याही एकमेकींपासून लांब, आणि दोन्ही एकदमच हलायला हव्यात. बरे, ह्या बिजागऱ्या नुसत्या फिरत नाहीत, सरकतातही. बोट कानाच्या भोकापुढे ठेवून हळूहळू तोंड उघडा. आधी हाडाचा गोळा जागच्या जागी फिरतो, मग पुढे घसरतो आणि बोटाखाली खळगा पडतो. सांध्यात मधोमध एक चिवट चकती असते. ती जागची हलली की आ करताना 'कट्' असा आवाज येतो. नुसताच आवाज असेल, दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर त्याची धास्ती घेऊ नये.

हा जबडा हलवणारे मुख्य स्नायू दर बाजूला चार. मघाशी गालावर बोटांखाली गोळा आला तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून निघून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत येतो. आकाराने तळहातापेक्षाही लहान, पण जोर असा की सुपारीचे खांड फुटते. कानशिलावर फुगला तो टेम्पोरॅलिस. तो हातपंख्यासारखा पसरलेला असतो. पंखा डोक्याच्या बाजूवर आणि पंख्याची दांडी गालाच्या हाडामागून खाली जबड्यात रोवलेली. म्हणून तर जेवताना माणसाचे कानशील हलताना दिसते, चष्म्याची काडीसुद्धा हलते.

तिसरा आतल्या बाजूला असतो, मीडियल टेरिगॉइड. तो आतून आणि मॅसेटर बाहेरून, असे दोघे मिळून जबड्याचा कोपरा झोळीत धरल्यासारखा धरतात. आपण तान्ह्या बाळासाठी बांधतो ना, अगदी तशी झोळी. चौथा लॅटरल टेरिगॉइड मात्र ह्या घरातला उफराटा! बाकीचे तिघे तोंड मिटतात, हा उघडायला मदत करतो. आडवा असतो आणि जबड्याचे डोके पुढे ओढतो. एका बाजूचाच ओढला की जबडा पलीकडे वळतो. चावताना जबडा जात्यासारखा जरासा फिरतो, तो ह्याच्यामुळे.

पोळ्याच्या दिवशी बैल पुरणपोळी खाऊन निवांत रवंथ करत असतो तेव्हा त्याचा जबडा पाहा, किती आडवा फिरतो. मांजरीचा पाहिलात तर कात्रीसारखा नुसता वरखाली. आपला दोन्हींच्या मधला. ज्वारीची भाकरीही चालते आणि नळीही फोडता येते.

आता माझ्या दाढेचे रहस्य सांगते. ह्या चारही स्नायूंना हुकूम नेणारी नस एकच, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्यांपैकी पाचवी. आणि दातांची, हिरड्यांची, गालाची, कानापुढच्या त्वचेची खबर मेंदूकडे नेणारी नसही तीच. पूर्वी वाड्यात एकाच बिऱ्हाडी टेलिफोन असायचा आणि सगळ्यांचे फोन त्यावरच यायचे, तेव्हा कोणाचा फोन आहे ह्यात जसा घोटाळा व्हायचा, तसाच मेंदूचा होतो. दुखतो मॅसेटर, आणि मेंदूला वाटते दाढ ठणकते आहे किंवा कान ठणकतो आहे. टेम्पोरॅलिस दुखला तर वरचे दात दुखतात, डोके चढते. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे एक डॉक्टर, जेम्स कॉस्टेन, ह्यांनी १९३४ साली कानाच्या अशा तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला होता. त्यांनी दिलेली कारणे पुढे सगळी टिकली नाहीत, पण कान दुखतो म्हणून जबडाही तपासावा, ही गोष्ट टिकली.

अंगातली वीज

त्या दंत महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर लहान नाण्याएवढ्या चकत्या चिकटवल्या. मला वाटले आता झटका बसणार! त्या हसल्या. "ताई, हे यंत्र तुम्हाला वीज देत नाही. तुमची वीज मोजतं."

आपल्या अंगात वीज असते हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण शोध जुना आहे. इटलीत गाल्वानी नावाच्या वैद्याने बेडकाच्या पायांवर प्रयोग करून १७९१ साली तो छापला. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे एक इवलीशी बॅटरी. स्वस्थ असताना त्याची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असते. टॉर्चच्या सेलचे १५०० मिलिव्होल्ट धरले तर हे किती थोडे ते लक्षात येईल. नसेकडून निरोप आला की नसेच्या टोकाशी एक रसायन सांडते, तंतूची दारे उघडतात, बाहेरचे सोडियम आत धावते आणि विजेची एक लाट तंतूभर पसरते. त्या लाटेपाठोपाठ आतले कॅल्शियम मोकळे होते आणि तंतू आखडतो. आधी वीज, मग हालचाल. आपल्याकडे वीज जाते तेव्हा पिठाची गिरणी थांबते ना, तसेच. फक्त ही वीज जात नाही, उलट कधीकधी बंदच होत नाही, हेच माझे दुखणे होते.

ह्या हजारो तंतूंच्या विजेचा गलबला कातडीवर फार क्षीण होऊन पोहोचतो, एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. यंत्र तो कितीतरी पटींनी मोठा करून पडद्यावर रेघ काढते. हृदयाचा जसा ईसीजी, तसा स्नायूंचा हा ईएमजी. जबड्याच्या स्नायूंवर हे तंत्र दंतवैद्यकात रॉबर्ट मॉयर्स ह्या अमेरिकन दंतवैद्याने १९४९ साली आणले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ओठ मिटा, स्वस्थ बसा." मी बसले. पडद्यावर चार रेघा, आणि चारही रेघांना बारीक लव फुटलेली, सुरवंटासारखी. "आता दात सुटे करा. ओठ मिटलेलेच ठेवा, पण दातांत थोडी फट राहू द्या." मी केले, आणि चारही रेघा चुलीवरचे दूध फुंकर मारल्यावर बसते तशा एकदम खाली बसल्या! मी बघतच राहिले. "बघा," त्या म्हणाल्या, "तुमचं स्वस्थ बसणं हे असं होतं."

मग त्यांनी शेंगदाणे चावायला दिले. चावले की झुपका, सुटले की सपाट, पुन्हा झुपका. ज्या बाजूला घास, तिकडचा झुपका दाट. तोंड मिटण्याचे कामच असे लयीचे, साधारण सेकंदाला एकदोनदा. दोन घासांच्या मधल्या सपाट जागेतच स्नायूला रक्त मिळते, विसावा मिळतो. दात आवळून ठेवले की तो विसावाच नाहीसा होतो. दिवसभरात जेवण आणि गिळणे सोडले, तर दात टेकायला खरे म्हणजे कारणच नाही. एरवी दोन्ही दातांत दोनचार मिलिमीटर फट असावी, असाच जबडा बांधलेला आहे.

एक खरी गोष्ट मुद्दाम सांगते, कारण उगीच कोणी यंत्र शोधत फिरू नये. त्या बाईंनीच सांगितले की, निदान करायला हे यंत्र लागतच नाही. हाताने चाचपून आणि रुग्णाचे नीट ऐकून घेऊन ते होते. यंत्राचा उपयोग माझ्यासारख्या "छे हो" म्हणणाऱ्यांना दाखवायला!

खडा लागतो तेव्हा

सगळ्यात नवल मला वाटले ते पुढे ऐकलेल्या एका गोष्टीचे. भाताच्या घासात खडा आला तर आपण काय करतो? दचकतो, चावणे थांबते, मग कळते की खडा होता. हा क्रम नीट पाहा. थांबणे आधी, कळणे नंतर. दाताच्या मुळाभोवती चिवट तंतूंचे पातळ अस्तर असते आणि त्यात दाब ओळखणारी नसांची टोके असतात. दातावर अवचित दणका बसला की ही टोके मेंदूच्या देठाकडे खबर धाडतात, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास जबडा मिटणाऱ्या स्नायूंची वीज एकदम तोडली जाते. ईएमजीच्या दाट रेघेत मधेच एक कोरी फट दिसते. शास्त्रज्ञ तिला 'मौन काळ' म्हणतात. मला नाव फार आवडले. नंतर रेघ पुन्हा सुरू. ही फट नसती तर तांदूळ निवडताना आपल्या हातून सुटलेल्या प्रत्येक खड्यामागे घरातल्या कोणाचा तरी दात तुटला असता. कडक खारीक अचानक फुटते तेव्हा जबडा आपटून जीभ चावली जात नाही, तेही अशाच काही व्यवस्थेमुळे.

आणि धनुर्वातात नेमके हेच मौन नाहीसे होते. सासूबाईंच्या भीतीकडे आता येते. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. जखमेत शिरले की ते विष तयार करतात, आणि ते विष नसांवाटे वर चढते. स्नायूंना 'आता थांब' म्हणणारा जो निरोप असतो, तोच ते अडवते. मग वीज चालूच राहते. जबड्याची नस आखूड, म्हणून पुष्कळदा आधी जबडाच आवळतो, मग मान, पाठ. दातखीळ म्हणतात ती हीच. पूर्वी अस्वच्छ विळ्याने नाळ कापली जायची आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासे व्हायचे. सासूबाईंच्या एका बहिणीचे बाळ तसेच गेले. त्या अजून त्याला 'सटवाईने नेले' असेच म्हणतात, आणि मी वाद घालत नाही. गरोदरपणात आईला दिलेली इंजेक्शने आणि दवाखान्यातली बाळंतपणे ह्यांनी हे संकट इतके हटवले, की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. पण माती तीच आहे. घरात कोणाला शेतात काम करताना जखम झाली, इंजेक्शन केव्हा घेतले ते आठवत नसेल, तर हळद भरून बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडला तर एक तासही दवडू नका.

रात्रीचे दळण

माझ्या रोगावर औषध काय निघाले म्हणाल, तर फारसे काहीच नाही! दिवसातून दोनतीनदा कोमट कपड्याचा शेक, पंधरा दिवस मऊ खाणे (शेगावची कचोरी चालेल का, असे मी विचारून घेतले, चालते), जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरणे, आणि 'ओठ मिटलेले, दात सुटे' हा जप. आठवण राहावी म्हणून मी ओट्यावर, शिवणयंत्रावर आणि शाळेच्या हजेरीपटावर लाल टिकल्या लावल्या. टिकली दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी लाजच वाटली. भाकरी थापताना दात आवळलेले, पोळपाट धुताना आवळलेले, सासूबाई काही बोलल्या की आवळलेले, मी उत्तर गिळले की तर विचारूच नका. मुलांना ओरडतानाच काय ते सुटे!

रात्री मात्र टिकली दिसत नाही. झोपेत दात खाणे हे आपल्या हाती नसते. मेंदू झोपेत मधूनमधून किंचित जागा होतो, तेव्हा हे स्नायू आपोआप लयीत चालू लागतात. दातांची झीज होऊ नये म्हणून डॉक्टर मापाची पट्टी बनवून देतात, रात्री दातांवर चढवायची. मी वापरते. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई मुलाविषयी म्हणायच्या, "झोपीत दात खाते बाई, पोटात जंतं झाले असतीन." आमच्या आजीही हेच म्हणायच्या. जंतांचे औषध जंतांसाठी अवश्य द्यावे, पण दात खाण्याचा दोष त्यांच्या माथी मारू नये. लहान मुलांत हे पुष्कळ दिसते आणि बहुतेकांचे वाढत्या वयात जाते.

जबड्याच्या ह्या दुखण्याच्या तक्रारी पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतात. पण प्रत्येक जबडादुखी ही दात आवळल्याचीच असे मात्र समजू नका. जिना चढताना किंवा काम करताना जबडा दुखतो, घाम सुटतो, दम लागतो, असे असेल तर ते हृदयाचेही असू शकते. तेव्हा शेक घेत बसायचे नसते.

तीन बोटांची परीक्षा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते. तुमचीच तीन मधली बोटे उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती बहुधा सहज जातात. मी बरी झाल्यावर गेल्या आखाजीला सगळे घरी जमले होते, तेव्हा जेवणानंतर मी ही परीक्षा सगळ्यांची घेतली. हसाहशी चालली होती. धाकट्या भाऊजींची पाळी आली. दोनच बोटे गेली. "माझी बोटं जाड आहेत, वहिनी," ते म्हणाले. सगळे हसले, जाऊबाई हसल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "ताई, वर्ष झालं, ह्यांना ठेचा चालत नाही. तोंडाची आग होते म्हणतात."

भाऊजींच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. आपल्या विदर्भात ते कोणाच्या खिशात नसते म्हणा! सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण कोपऱ्यावरचे घोटणे काही थांबले नाही.

ह्यात जबड्याचा स्नायू मुळात दोषी नसतो. सुपारीतल्या रसायनांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली चिवट तंतू साठत जातात, अस्तर पांढुरके पडते, आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. स्नायू ओढतो, पण गालच ताणला जात नाही. १९५२ साली श्वार्त्झ नावाच्या डॉक्टरांनी हा आजार नोंदवला, तो पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये! तेव्हा हा पुरुषांचाच रोग असे समजू नका. जेवणानंतर नुसती सुपारी चघळणाऱ्या आपणही त्यात आलो. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोग करते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली दिला. महाराष्ट्रात डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ साली त्याचा अहवाल छापला होता. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात तोंड आखडणाऱ्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

हा शेवटचा आकडा मी जाऊबाईंना सांगितला नाही. भाऊजींना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ मिळून दंतवैद्याकडे गेले. डॉक्टरांनी गालाच्या आत बोट फिरवून दोऱ्या दाखवल्या, तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही. साठलेले तंतू पुरते जात नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, पण खर्रा पूर्ण सोडला, औषधे घेतली, तोंडाचा व्यायाम केला तर तोंड आणखी मिटण्यापासून वाचते, थोडे उघडतेही. शिवाय दर काही महिन्यांनी तपासणी, ती जन्मभराची.

व्यायाम साधा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. जाऊबाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहितात, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली. आखाजीला चौदा काड्या बसत होत्या. मधे एकदा भाऊजींनी चोरून पुडी खाल्ली, तो आठवडा कोराच आहे. काल फोन आला, सतरा बसल्या.